अण्णांची इच्छा

३ नोव्हेंबर, सोमवार

चहाचे दोन कप आले. एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा घेऊन शिपाई केरबामामांनी बंद केबिनचं कुलूप काढलं, आत जाऊन टेबलावर ठेवला, बाहेर येऊन परत कुलूप लावलं. विचारलं, आत कोण आहे? म्हणाले, "कुनी न्हाई. अन्नांचा चहा हाय."

अण्णा म्हणजे तानाजीराव जगदाळे, आमच्या संघाचे अध्यक्ष. कृष्णाकाठ स्थापत्य अभियंता संघ! सांगली-सातारा मिळून आठशे सभासद, सगळे सिव्हिल इंजिनियर. माधवनगर रस्त्याला स्वतःची इमारत. पुढे ऑफिस, मागे हॉल, हॉलला गॅलरी. सगळं अण्णांनीच डिझाइन केलेलं. सलग नवव्यांदा बिनविरोध अध्यक्ष. पण तब्येतीमुळे चार वर्षांत कराडच्या घरातून इकडे पाऊल टाकलेलं नाही.

तरी चहा. रोज, अकराला. साडेअकराला कप बाहेर आला — रिकामा!

पहिला दिवस आहे, गप्प बस, असं स्वतःला दोनदा बजावलं. कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर सात वर्षं उन्हात काढलीत. आता कुठे पंख्याखालची नोकरी मिळाली आहे. ऑफिस मॅनेजर! अब्बांनी शेजारी पेढे वाटले.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथे कुणी 'मी' म्हणत नाही. दोन दिवस कान देऊन ऐकलं. मासिकाचं मुखपृष्ठ निळं का? अण्णांची इच्छा. वर्गणीची पावती पोस्टानेच का? अण्णांची इच्छा. खिडकी उघडू का विचारलं तर कार्यवाह पृथ्वीराजसर पेन हातात धरून थबकले. "अण्णांना आवडायचं नाही बहुतेक."

पृथ्वीराजसर चांगले आहेत. पन्नाशीचे, कडक इस्त्री, मोठमोठ्या इमारतींची तपासणी करतात. पण स्वतःच्या खुर्चीमागची खिडकी उघडायला भितात! हसू आलं. दाबलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मासिकाची आठशे पाकिटं आज टाकायची होती. जीव नुसता उडालेला. त्यात पृथ्वीराजसरांचा साइटवरून फोन — "मॅडम, ती एक्केचाळीस नंबरची फाइल. तिच्यावर अण्णांचं काय आलंय?" मला काय ठाऊक! फाइल कुठे आहे तेही माहीत नाही. एका हातात डिंक, एका हातात फोन. म्हटलं, "थांबा म्हटलं असेल अण्णांनी." ते म्हणाले, "हां, मलाही तेच वाटलेलं." ठेवला फोन.

पाकिटं गेली. बोटं अजून चिकट आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हरणामावशी हॉल झाडतात. आज मला हाताला धरून आत नेलं. गॅलरीखालच्या तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्यांवर बोट फिरवून दाखवलं. पांढरी भुकटी.

"रोज पुसतीया बाई. रोज पडतीया. आधी न्हवती, गणपतीपास्नं सुरू झालीया."

मान वर केली. गॅलरीची तुळई जिथे खांबातून बाहेर येते तिथे, अगदी मुळाशी, तिरपा तडा. केसाएवढा नाही, चांगलं नख जाईल एवढा.  ही गॅलरी नुसती त्या तुळयांवर पुढे आलेली आहे, खालून आधार नाही.

पृथ्वीराजसरांना बोलावलं. ते तड्याच्या बरोबर खाली उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "प्लास्टर आहे ते." सर, वर बघा ना. "बघितलंय." नाही बघितलं! मान हललीच नाही त्यांची. दुपारी कमिटीची बैठक होती. सात इंजिनियर त्याच खुर्च्यांत बसले, भुकटी पँटला लागली, उठताना झटकली. दुसऱ्याच्या इमारतीला असा तडा दिसला तर हेच लोक चार पानांचा अहवाल ठोकतात. वर एकानेही पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अब्बांना सांगितलं. चाळीस वर्षं मिस्त्री होते ते, अख्खा जिल्हा त्यांना वजीर मिस्त्री म्हणून ओळखतो. म्हणाले, "काच लाव बेटा. तड्यावर आडवी. दोन्ही टोकाला पीओपीचा गोळा. तडा जिता आसंल तर काच फुटंल. मेलेला आसंल तर न्हाई. मग भांडायला जा."

हे साइटवर मीही पाहिलंय. पण इथे शिडी मागायला मला कुणाची इच्छा लागेल!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे जेवायला गेल्यावर शिडी लावली. हरणामावशींनी खाली धरली. काच बसवली, वर पेनाने तारीख घातली. फोटो काढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फुटली. एका रात्रीत! मधोमध. फोटो काढून पृथ्वीराजसरांना दाखवला. फार वेळ बघत होते. चेहरा उतरला होता, हे मी शपथेवर सांगेन. मग मोबाइल मला परत दिला. "अण्णांना कळवतो."

१७ नोव्हेंबर, सोमवार

काच अख्खी आहे.

शिडीवर चढून बोट लावून पाहिलं. अख्खी. वर तारीख १४. हरणामावशी खालून विचारतात, "काय झालं बाई?"  मोबाइलमध्ये फुटलेली. समोर अख्खी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मंगळवारी सकाळी फुटलेली. दुपारी अख्खी. काल परत फुटलेली. आज परत अख्खी. दर वेळी तारीख १४, दर वेळी माझ्यासारखाच एक आणि चार. बुधवारी रात्री घरी कागदावर १४ लिहून बघितलं, माझं अक्षर मला तरी ओळखू येतं का.  भुकटी मात्र वाढली आहे. चौथ्या रांगेपर्यंत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकराच्या चहाआधी हॉलच्या दारामागे उभी राहिले. केरबामामा आले. शिडी लावली, फुटकी काच काढून खिशात घातली, दुसऱ्या खिशातून नवी काढली. चष्मा नाकावर घेऊन जुनी बघून-बघून तारीख उतरवली! एवढं मन लावून कुणाला काम करताना पाहिलं नव्हतं.

"मामा!"

दचकले नाहीत. "फुटकी काच बरी दिसत न्हाई मॅडम. अन्नांची इच्छा हाय, आपल्या हालात फुटकं काय दिसाय नगं."

"अण्णांनी सांगितलं तुम्हाला?"

"मला कशाला सांगतील? सायबांस्नी सांगत्यात. मला सायबांच्या तोंडाकडं बघून कळतंय."

तशीच पृथ्वीराजसरांकडे गेले. सर, काच बदलायला तुम्ही सांगितलंत? ते गोंधळले. खरंच गोंधळले. "मी नाही. केरबाला अण्णांचा फोन येत असतो ना?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग केरबामामांनी कप उचलला आणि केबिनचं कुलूप काढायला गेले.

चहाचंही विचारून घेतलं, हरणामावशींना. खाली मान घालून म्हणाल्या, "भरला कप माघारी आला तर अन्नास्नी राग येईल म्हून मीच मोरीत वतते. कुनाला सांगू नगा."

३० नोव्हेंबर, रविवार

कराडला जाऊन आले. म्हटलं, ज्याची इच्छा त्यालाच विचारावं.

अण्णांच्या सूनबाईंनी, संयोगितावहिनींनी दार उघडलं. संघातून आले म्हटल्यावर दारातच डोळे भरले त्यांचे. "चार वर्षांत पहिलं माणूस आलं बघा तिकडून."

अण्णा खिडकीशी खुर्चीत. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा. नजर कुठेच नाही. चार वर्षं एक शब्द बोललेले नाहीत. मुलाला ओळखत नाहीत, घास भरवावा लागतो.

"मग फोन?" मी विचारलं.

"कुणाचा? आम्ही कळवलं होतं की सगळं. पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं — तुमच्या इच्छेनुसार पत्र फाइलला लावलं आहे." वहिनींनी कपाट उघडलं. संघाकडून दर महिन्याला एक पाकीट, नीट गठ्ठे बांधलेले. प्रत्येकात तेच. अण्णा, आपल्या इच्छेनुसार सर्व पार पडले.

अंगावर सरसरून काटा आला. भर दुपारी, खिडकीतून संगमावरचं ऊन आत येत असताना!

निघताना राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "अण्णा, आपल्या गॅलरीच्या तुळईला तडा गेलाय. खांबाजवळ. तिरपा."

काहीच नाही. मग मान हलली. हळू, फार हळू वर गेली. अण्णा स्वतःच्या घराच्या छताकडे बघायला लागले. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आठशे इंजिनियरांत वर बघणारा हा एकच माणूस! मला तिथेच रडू फुटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

मी आल्यापासून एकच प्रश्न घोकतेय — सांगतं कोण? कुणीच नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला सांगितलंय.

आज सगळ्या फाइली खाली काढल्या. एक्केचाळीस नंबर हाती लागला. आत ऑक्टोबरमधलं पत्र. राहील शेख, इस्लामपूरकडचा तरुण सभासद. 'गॅलरीच्या तुळईस तडा. तातडीने गॅलरी बंद करून तपासणी करावी.' बरोबर आकृती, मापं, सगळं. वर पृथ्वीराजसरांच्या अक्षरात शेरा: 'अण्णांची इच्छा — थांबावे.'

तारीख ७ नोव्हेंबर.

ही वही मागे उलटून बघितली. डिंक, पाकिटं, फोन.

मी. ती इच्छा माझी होती. हसत-हसत फोनवर टाकून दिलेली. त्यांना हसले मी, पेढे खाऊन!

अब्बांना सांगायची लाज वाटते.

९ डिसेंबर, मंगळवार

राहीलला फोन केला. आधी खूश झाला, मग म्हणाला, "अण्णा थांबा म्हणालेत ना मॅडम. मग माझंच काही चुकलं असेल." आकृती तुझी, मापं तुझी, आणि चूकही तुझीच?

महापालिकेत नि कलेक्टर ऑफिसात विचारलं, गॅलरी बंद करता का. तपासणीचा अहवाल आणा म्हणतात. अहवाल देणार कोण? आमचेच सभासद!

मग कमिटीला पत्र लिहिलं. स्वच्छ शब्दांत. 'माझ्या मते गॅलरी आजच बंद करावी. मी स्वतः काच लावून पाहिली आहे.' पृथ्वीराजसरांनी वाचलं. पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ मारली. "मॅडम, 'माझ्या' म्हणजे कुणाच्या?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आणि २८ तारखेला सभासदांच्या मुलांचा गुणगौरव. पालक खाली, मुलं वर गॅलरीत. दरवर्षीची पद्धत. या वर्षी एकशे वीस मुलं. यादी मीच टाइप केली.

१५ डिसेंबर, सोमवार

केलं.

लेटरहेड घेतलं. टाइप केलं: 'मा. अध्यक्षांच्या इच्छेनुसार हॉल व गॅलरी आजपासून बंद. गुणगौरव कराड येथे होईल.' नोटीस बोर्डावर लावली, ग्रुपवर टाकली.  आता विचारतील, कधी सांगितलं, कुणाला सांगितलं.

कुणी काही विचारलं नाही! वीस मिनिटांत केरबामामांनी हॉलला कुलूप घातलं. पृथ्वीराजसरांनी कराडचं मंगल कार्यालय ठरवून टाकलं. तिघा सभासदांनी मला फोन करून सांगितलं की त्यांना तो तडा केव्हापासून दिसत होता.

खोटं होतं का हे? अण्णांनी वर बघितलं होतं. मी पाहिलंय. एवढ्यावर झोप यावी.

२९ डिसेंबर, सोमवार

कार्यक्रम छान झाला. एकशे वीस मुलं, सगळी जमिनीवर. मी मोजून बघत होते, घराकडे निघेपर्यंत. अब्बांना सगळं सांगितलं, सात नोव्हेंबरच्या फोनसकट. म्हणाले, "पोरं वाचली न्हवं? झोप आता."

६ जानेवारी, मंगळवार

संयोगितावहिनींचा फोन. अण्णा गेले, पहाटे. "शेवटचे दिवस सारखे वरच बघायचे हो."

ऑफिसात सांगितलं. केरबामामा केबिनसमोर कप घेऊन उभे होते. आत गेले नाहीत, मागे फिरले नाहीत. चहावर साय धरली तरी उभेच. शेवटी मीच त्यांच्या हातून कप घेतला.

पृथ्वीराजसर लहान मुलासारखे म्हणाले, "आता विचारायचं कुणाला?" मग माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "मॅडम अण्णांना भेटून आल्या होत्या. शेवटचं त्यांनाच सांगितलं अण्णांनी."

मी म्हटलं, "ते बोलत नव्हते हो. मला काही सांगितलं नाही."

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

१२ जानेवारी, सोमवार

चार दिवस तापाने घरी होते. आज गेले तर मासिकाचं मुखपृष्ठ हिरवं झालेलं. विचारलं, हे कुणी बदललं? "तुमचीच इच्छा ना मॅडम."

मी घरी होते! अंथरुणात होते!

खिडकी मात्र उघडी होती. मला हवी होती तशी. मी कधी म्हटलं होतं? आठवत नाही. म्हटलंही असेन.

अकरा वाजता दोन कप आले. दोन्ही माझ्यासमोर.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ग्रुपवर आलं. 'समीनामॅडमच्या इच्छेनुसार अण्णांची शोकसभा रविवारी अकरा वाजता, अण्णांनीच उभारलेल्या आपल्या हॉलमध्ये. गर्दी लक्षात घेता गॅलरी खुली राहील.'

ऑफिसात पोचेपर्यंत दम निघाला नाही, रस्त्यातच लिहिलं: 'मी असं काहीही म्हटलेलं नाही. हॉल धोकादायक आहे. गॅलरी उघडायची नाही.' एक्केचाळीस जणांनी हात जोडले. एकाने लिहिलं, 'मॅडमचा साधेपणा.' पृथ्वीराजसरांनी लिहिलं, 'मॅडमचा निरोप सर्वांना पोहोचला आहे. वेळेवर यावे.'

समोर जाऊन ओरडले. आयुष्यात ऑफिसात पहिल्यांदा ओरडले. कुणी ठरवलं हे? नाव सांगा! पृथ्वीराजसर केरबामामांकडे बघतात. केरबामामा पृथ्वीराजसरांकडे. दोघांच्याही डोळ्यांत खोटं नाही. हीच तर भीती आहे.

परत नोटीस टाइप करून पाहिली, 'अण्णांच्या इच्छेनुसार' घालून. केरबामामांनी बोर्डावरून हळूच काढली. "अन्ना गेलं मॅडम," मला समजावल्यासारखं म्हणाले.

हॉलच्या मोठ्या दाराला तीन कुलपं आणि सात जणांकडे किल्ल्या. पण गॅलरीला एकच जिना, एकच दार. अब्बांनी साइटवरचं त्यांचं जुनं पितळी कुलूप काढून दिलं, तेल घालून.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी पावणेअकरा

गॅलरीच्या जिन्यात, दाराला पाठ लावून बसलेय. अब्बांचं कुलूप पाठीला टोचतंय. किल्ली हरणामावशींना देऊन त्यांना घरी धाडलं. खाली हॉल भरला, घोषणा ऐकू येते — बाकीच्यांनी कृपया वर गॅलरीत बसावं. सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्यांनी एकदम उभं राहायचं आहे. जिन्यावर माणसं जमली आहेत. कुणी ढकलत नाही, कुणी रागावत नाही. वाट बघतायत.

केरबामामा हातोडी घेऊन वर आले. म्हणाले, "दार उघडायचं हाय. मॅडमची इच्छा हाय."

मी म्हटलं, "मामा, मॅडम मीच आहे की."

"व्हय," म्हणाले. "तुमी जरा सरका."